इनटेक बदलल्यापासून गाडी ओढत नाही: टर्बो डिझेल एसयूव्ही आणि पिकअपसाठी तपासणीचा क्रम

इनटेक म्हणजे इंजिनाला हवा नेणारी वाट. तिच्यात कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा, बॉक्सशिवायचा उघडा फिल्टर), मोठा पाइप, सिलिकॉनचे होज, स्नॉर्केल (हवा छताजवळून घेणारी उभी नळी), यातलं काहीतरी बसवलं आणि गाडी पूर्वीपेक्षा मरगळली, ही तक्रार घेऊन लोक माझ्या गॅरेजला वर्षभर येतात. गाडी स्कॉर्पिओ असो, थार असो, फॉर्च्युनर असो की द्राक्षांचे क्रेट वाहणारी पिकअप, दुखणं ठरावीक जागीच असतं. बहुतेक वेळा माझ्याकडे येईपर्यंत कोणीतरी मालकाला इंजेक्टर, पंप नाहीतर टर्बोचा खर्च सांगून घाबरवलेलं असतं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा प्रकार होऊ नये म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. फुकटच्या तपासण्या आधी, पैशाच्या नंतर. मधली पायरी गाळू नका.

लक्षणं

- घाटात ओढ नाही. कसारा घाटात जिथे गाडी तिसऱ्यावर चढायची तिथे दुसरा टाकावा लागतो. सपाट रस्त्यावर फारसं जाणवत नाही.
- रेस दिली की मागून काळ्या धुराचा लोट.
- बोनेटखालून नवा आवाज. शिट्टी, सूंऽऽ किंवा गियर बदलताना फुस्स.
- चेक इंजीनचा दिवा. कधी गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे आरपीएम एका मर्यादेपुढे चढतच नाही. बंद करून चालू केली की काही किलोमीटर ठीक, मग पुन्हा तेच.
- अ‍ॅव्हरेज उतरलं.
- पेट्रोल गाडी असेल तर आयडलिंगला थरथर आणि स्कॅनरवर पी०१७१ हा दोषाचा कोड, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी.

बीएस-६ गाडीवाल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल एसयूव्हीला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. इंजीन कितीही काळा धूर करत असलं तरी तो बाहेर दिसत नाही, डीपीएफमध्ये साठतो. त्यामुळे ‘धूर नाही, म्हणजे सगळं ठीक’ असं समजू नका. तुमच्याकडे लक्षण वेगळं दिसतं. डीपीएफचा दिवा वारंवार येतो, साफसफाईचं चक्र म्हणजे रिजनरेशन पूर्वीपेक्षा लवकर लवकर होतं आणि डिपस्टिकवर इंजीन ऑइलची पातळी वाढलेली दिसते. ऑइल वाढतं कारण रिजनरेशनसाठी जादा डिझेल मारलं जातं आणि त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगला घातक असतं. ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर तपासणी पुढच्या सर्व्हिसपर्यंत लांबवू नका.

लक्षणांवरून अंदाज कसा बांधायचा

टर्बो डिझेलमध्ये हवेची वाट अशी असते: तोंड, फिल्टर बॉक्स, फिल्टर, हवा मोजणारा एमएएफ सेन्सर, टर्बो (हवा दाबून पुढे ढकलणारा पंखा), गरम बाजूचा होज, इंटरकुलर (दाबल्याने तापलेली हवा गार करणारा), थंड बाजूचा होज, मग सिलिंडरांना हवा वाटणारा इनटेक मॅनिफोल्ड. सेन्सर जेवढी हवा सांगतो त्यावर ईसीयू, म्हणजे इंजीन चालवणारा संगणक, डिझेलची मर्यादा ठरवतो. एवढं डोक्यात ठेवलं की निम्मं काम झालं.

काळा धूर आहे आणि ओढ नाही: सेन्सरने हवा बरोबर मोजली, पण पुढे कुठेतरी ती बाहेर गेली. ईसीयूने मोजलेल्या हवेच्या हिशेबाने डिझेल दिलं आणि सिलिंडरमध्ये हवा कमी पडली. गळती टर्बोनंतर शोधा.

धूर नाही आणि ओढही नाही: सेन्सर कमी हवा सांगतोय, म्हणून ईसीयू डिझेल हात राखून देतोय. सेन्सर घाण झालाय, चुकीच्या मापाच्या पाइपात बसवलाय, किंवा सेन्सर आणि टर्बो यांच्यामध्ये फट आहे. ही तिसरी शक्यता सगळ्यात वाईट, कारण त्या फटीतून न गाळलेली धूळ सरळ टर्बोत जाते.

फक्त दुपारी, ट्रॅफिकमध्ये ओढ जाते आणि हायवेला परत येते: फिल्टर बोनेटखालची गरम हवा ओढतोय.

फक्त पावसात: फिल्टर भिजतोय.

हे अंदाज आहेत. दोन दोष एकत्र असले की चित्र मिसळतं, त्यामुळे तपासणी क्रमानेच करायची.

पहिली तपासणी: काही राहिलंय का?

पाना न लावता करायची. फिल्टर बाहेर काढून दोन्ही बाजूंनी बघा. नव्या फिल्टरची प्लॅस्टिकची पिशवी तशीच राहिलेली मी पाहिली आहे. काम करताना टर्बोत काही पडू नये म्हणून पाइपात कोंबलेलं फडकंही आत राहतं, आणि तसं कोंबायची पद्धत चांगलीच आहे, फक्त ते काढायचं असतं. फडकं टर्बोच्या पात्यांपर्यंत ओढलं गेलं तर पुढचा खर्च मोठा होतो. म्हणून ही तपासणी पहिली.

मग फिल्टर बॉक्सच्या आसपासच्या बारीक नळ्या बघा. पुष्कळ गाड्यांत टर्बोचं नियंत्रण करणारा व्हॅक्यूमचा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) आणि त्याच्या बारीक रबरी नळ्या बॉक्सच्या अगदी शेजारून जातात. बॉक्स उपसून काढताना त्यातली एखादी निघते किंवा दुमडते. व्हॅक्यूम मिळाला नाही की टर्बोची आतली पाती हलत नाहीत आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, तयार होत नाही. लोक नव्या फिल्टरला दोष देतात आणि फिल्टरचा त्यात काही संबंध नसतो. इंजीनच्या डोक्यावरून येणारी ब्रीदरची, म्हणजे आतल्या वाफा परत हवेच्या वाटेवर सोडणारी, जाड नळीही नव्या पाइपाला नीट जोडलेली आहे ना ते बघा. काही स्वस्त किटमध्ये तिच्यासाठी तोंडच नसतं, मग बसवणारा ती मोकळी सोडतो किंवा बूच मारतो. बूच मारलं तर क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातला) दाब ऑइल सील फोडून बाहेर येतो. किटला ब्रीदरचं तोंड नसेल तर ते किट त्या गाडीसाठी नाही, दुसरी सबब नाही.

दुसरी: पांढरं फडकं

ही माझी आवडती तपासणी, कारण ती खोटं बोलत नाही. इंजीन बंद आणि थंड करा. फिल्टरच्या पुढचा, म्हणजे स्वच्छ बाजूचा पाइप मोकळा करा. स्वच्छ पांढरं सुती फडकं बोटाला गुंडाळून पाइपाच्या आतून गोल फिरवा. सेन्सरला धक्का लागू देऊ नका. फडकं पांढरं राहिलं किंवा ब्रीदरच्या तेलाचा हलका डाग आला तर उत्तम. मातीचा पिवळट-तांबूस पट्टा आला, अंगठा आणि बोटात चोळल्यावर कचकच लागली, तर फिल्टरला बगल देऊन धूळ आत जातेय.

ती जाते तीन वाटांनी. फिल्टरची रबरी कड बॉक्सच्या खाचेत नीट बसलेली नसते. बॉक्सच्या क्लिपपैकी एखादी तुटलेली असते. किंवा कोन फिल्टरचं तोंड पाइपापेक्षा किंचित मोठं असतं आणि क्लिप आवळून आवळून ते कसंबसं बसवलेलं असतं, त्यामुळे रबराला घडी पडते. त्या घडीतून दिवसभर धूळ जाते. फिल्टर बदलताना कडेवर दाबाची रेघ सलग उमटली आहे का पाहा. जिथे रेघ तुटली तिथे वाट आहे.

२.२ लिटरचं इंजीन ३,७५० आरपीएमला बूस्ट धरला नाही तरी मिनिटाला चार हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. बूस्ट धरला तर त्याच्या जवळपास दुप्पट. उसाच्या किंवा द्राक्षाच्या मळ्यातल्या कच्च्या रस्त्यावर एवढ्या हवेसोबत किती माती येते याचा विचार करा आणि मग ही पायरी गाळायची की नाही ते ठरवा.

कागदी फिल्टर कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने मारू नका. कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात आणि फिल्टर स्वच्छ दिसतो, पण गाळत नाही. तेलाचा सुती फिल्टर असेल तर चौथी पायरी काळजीपूर्वक वाचा.

तिसरी: क्लिप आणि होज

हातात टॉर्च आणि सात-आठ नंबरचा बॉक्स पाना एवढंच लागतं. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंत प्रत्येक जोड हाताने फिरवून बघायचा. हाताने फिरला तर सैल आहे.

फक्त वरून दिसणारे जोड बघून थांबू नका. इंटरकुलरचे खालचे जोड बंपरच्या किंवा चाकाच्या अस्तराच्या मागे असतात आणि गळती तिथेच लपते. एक पिकअप आली होती, काळा धूर आणि ओढ नाही. आधीच्या ठिकाणी इंजेक्टरचा सेट बदलायला सांगितलं होतं. गाडी उचलून डावं अस्तर काढलं तर इंटरकुलरच्या तोंडापासून खाली चेसिसवर काळसर तेलाचा पंख्यासारखा फवारा उमटलेला. टर्बोतून हवेसोबत थोडं तेलाचं धुकं नेहमीच जातं, त्यामुळे जिथून हवा निसटते तिथे तेल आपली खूण सोडतं. क्लिप घट्टच होती. पण ती पाइपाच्या उंचवटलेल्या कडेच्या मागे बसायच्या ऐवजी अर्धी कडेवर चढलेली होती. गाडी उभी असताना जोड बंद दिसायचा, होज बोटाने बाजूला दाबला की नखाएवढी फट उघडायची. क्लिप सोडून तेल पुसलं, होज कडेच्या पलीकडे पूर्ण सरकवला, क्लिप परत आवळली. धूर गेला. इंजेक्टरला हात लागला नाही.

त्यावरून तीन नियम. होज बसवण्याआधी पाइप आणि होजची आतली बाजू दोन्ही तेलमुक्त आणि कोरडी करायची, नाहीतर बूस्ट आला की होज घसरतो. क्लिप नेहमी कडेच्या मागे. आणि टर्बोनंतरच्या जोडांना साधी पेंचाची क्लिप न लावता रुंद पट्ट्याची टी-बोल्ट क्लिप लावा. साध्या पट्टीच्या खाचा मऊ सिलिकॉनमध्ये घुसून ते कापतात.

होज कशाला घासतोय का तेही बघा. इंजीन आपल्या माउंटवर हलतं, चेसिस हलत नाही. मूळ होजमध्ये त्यासाठी लवचीक वळ्या असतात. सरळ, कडक पाइप लावला की एकतर जोड निसटतो, नाहीतर पाइप फॅनच्या आवरणाला किंवा बॅटरीच्या ट्रेला घासून भोक पडतं. जोडीदाराला न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून रेस द्यायला सांगा आणि बाजूला उभं राहून इंजीन किती हलतं ते पाहा. सैल कपडे, गळ्यातलं उपरणं, मोकळे केस पंख्यापासून दूर. टर्बोचं तोंड उघडं असताना इंजीन कधीही चालू करू नका. ते बोट, फडकं, नट, जे जवळ असेल ते ओढतं.

चौथी: एमएएफ सेन्सर

धूर नाही आणि ओढ नाही, अशा गाड्यांत माझा पहिला संशय इथे जातो. सेन्सरमध्ये एक तापलेली बारीक तार किंवा पातळ पट्टी असते. वाहती हवा तिला थंड करते, आणि तिला गरम ठेवायला किती वीज लागली त्यावरून हवेचं वजन काढलं जातं. तिच्यावर तेल आणि धुळीचा थर बसला की हवा तिच्यापर्यंत नीट पोचत नाही आणि सेन्सर खरी हवा कमी दाखवतो.

थर येतो बहुतेक धुऊन वापरायच्या तेलाच्या फिल्टरमधून. फिल्टर धुतल्यावर तो पूर्ण, आपोआप वाळू द्यायचा. उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात जास्त. मग त्या फिल्टरसाठीचंच तेल घड्यांच्या रांगेवर अगदी थोडं मारायचं आणि ते पसरून रंग एकसारखा होईपर्यंत थांबायचं. लोक घाईत तेल भरपूर ओततात, काही जण तर इंजीन ऑइल लावतात. ते सगळं पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरमध्ये सेन्सरवर जाऊन बसतं.

साफ करायची पद्धत: इग्निशन बंद. कनेक्टर काढा, त्याची कुलपाची जीभ दाबून, वायर ओढून नाही. सेन्सरचे स्क्रू बऱ्याचदा टॉर्क्सचे असतात, बरोबर बिट घ्या. एमएएफ सेन्सरसाठी म्हणून मिळणारा स्प्रे दहा-पंधरा फवारे लांबून मारा. कार्ब क्लीनर नको, ब्रेक क्लीनर नको, पेट्रोल नको, कानातली काडी नको, ब्रश तर नकोच. ती पट्टी एका स्पर्शाने जाते आणि नवा सेन्सर स्प्रेच्या किमतीच्या कित्येक पट महाग असतो. तासभर वाळू द्या, मगच जोडा.

बसवताना सेन्सरच्या अंगावरचा बाण टर्बोकडे आहे ना ते पाहा. नव्या पाइपात सेन्सर उलटा बसवणं शक्य असतं आणि तसं होतं. ओ-रिंग जुनी, चपटी झाली असेल तर बदला, काही रुपयांचं काम आहे.

एक फुकटची चाचणी: कनेक्टर काढून गाडी थोडी चालवून बघा. ईसीयू मग स्वतःकडचा ठरावीक आकडा धरून चालतो. गाडी लक्षणीय चांगली ओढायला लागली तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या पाइपावर पक्का करा. काही गाड्या कनेक्टर काढला की सरळ लिंप मोडमध्ये जातात, त्यांच्यात ही चाचणी काही सांगत नाही. बीएस-६ गाडीत ती दोन-चार किलोमीटरच्या पुढे नेऊ नका.

पाचवी: स्कॅनर

गाडीच्या सॉकेटला लावून दोषांचे कोड वाचणारा ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर आणि फोनवरचं अ‍ॅप पुरतं. कोड पुसण्याआधी लिहून ठेवा. पी०१०१ म्हणजे एमएएफचं गणित जुळत नाही. पी०१०२ म्हणजे त्याचा सिग्नल फार कमी, इथे आधी कनेक्टर आणि वायर बघा. पी०११३ म्हणजे हवेच्या तापमानाच्या सेन्सरचं सर्किट उघडं, आणि तो सेन्सर अनेकदा एमएएफच्याच अंगात असतो. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी, म्हणजे तिसरी पायरी पुन्हा करा.

मग आकडे बघा. इग्निशन चालू, इंजीन बंद असताना मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतकाच दिसला पाहिजे: मुंबईला १०० किलोपास्कलच्या आसपास, नाशिक-पुण्याला ९४-९५. तसा दिसला नाही तर दाबाचा सेन्सर स्वतःच खोटा आहे आणि पुढचे सगळे बूस्टचे आकडे निरुपयोगी आहेत. २.२ लिटरच्या डिझेलला ८५० आरपीएमच्या आयडलिंगवर, ईजीआर (जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद असताना, एमएएफने साधारण १३ ते १५ ग्रॅम प्रति सेकंद दाखवायला हवेत. ईजीआर उघडा असेल तर कधी निम्म्यावरही येतो, म्हणून ईजीआरची स्थिती सोबत बघितल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. दुसऱ्या मापाचं इंजीन असेल तर त्याच प्रमाणात हिशेब करा.

सहावी: पाइपाचं माप

इथे नवं, चकचकीत, महागडं किट आणि पूर्णपणे बरोबर बसवलेलं असूनही गाडी मरते. कारण सेन्सर पाइपातली सगळी हवा मोजत नाही. तो मध्यावरच्या छोट्या खिडकीतून हवेचा वेग बघतो आणि ईसीयू मूळ पाइपाच्या मापाने एकूण हवा काढतो. मूळ पाइप आतून ७० मिलिमीटर असेल आणि तुम्ही ७६ चा लावला, तर क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढतं. तीच हवा आता सावकाश वाहते. आत १०० भाग हवा जात असताना ईसीयूला ८५ दिसते. डिझेल त्याच हिशेबाने अडतं.

उपाय एकच: सेन्सरच्या जागी आतला व्यास मूळ पाइपाइतकाच हवा. बहुतेक वेळा मूळ सेन्सरची नळी आहे तशी वापरून तिच्या मागे-पुढे नवे पाइप जोडता येतात. मूळ नळीच्या तोंडाशी जाळी असेल तर ती काढू नका. ती हवेचा भोवरा मोडून प्रवाह सरळ करते. सेन्सरच्या लगेच आधी तीव्र वळण आलं तरी आकडे नाचतात. दुकानदार ‘ईसीयू रिमॅप करून घ्या (म्हणजे त्यातला प्रोग्राम बदलून घ्या), सगळं जुळेल’ म्हणतो, पण पाइपाचं माप चुकवून रिमॅपने ते झाकणं हा उपाय नाही.

सातवी: मूळ बॉक्स परत लावून बघा

इथपर्यंत दोष सापडला नाही तर जुना फिल्टर बॉक्स, जुने पाइप, नवा कागदी फिल्टर लावून आठवडाभर गाडी चालवा. खर्च फिल्टरचा आणि दोन तासांच्या कामाचा. दुखणं गेलं तर ते नव्या इनटेकमध्ये होतं. राहिलं तर ईजीआर, टर्बो, डिझेल फिल्टर, इंजेक्टर यांच्याकडे वळायला आता आधार आहे. म्हणूनच मूळ बॉक्स भंगारात देऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगतो.

गरम हवा आणि पाऊस

मूळ बॉक्स हवा ग्रिलमागून किंवा मडगार्डच्या आतून घेतो. उघडा कोन बोनेटखाली बसवला की तो रेडिएटर आणि टर्बोच्या जवळची तापलेली हवा ओढतो. ३० अंशांची हवा घनमीटरला सुमारे १.१६ किलो भरते, ६० अंशांची १.०६. म्हणजे तेवढ्याच आकारमानात नऊ टक्के हवा कमी. स्कॅनरवर टर्बोच्या आधीच्या हवेचं तापमान बघा. चालत्या गाडीत ते बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंशांनी जास्त असेल तर कोनभोवती बंद पेटी करून तिला बाहेरच्या थंड हवेची वाट द्या.

पावसाळ्यात उघडा कोन म्हणजे ओल्या रुमालातून श्वास घेणं. इगतपुरीकडच्या पावसात चाकाचं पाणी बोनेटखाली किती उडतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना अधिक सांगायला नको. स्नॉर्केल बसवलं असेल तर बॉक्सच्या तळाचं धूळ-पाणी सोडणारं भोक आणि मडगार्डमधला जुना जोड बघा. तोंड छताजवळ नेलं, पण खालचा जोड उघडाच राहिला तर पाणी खालूनच शिरतं. वरचं तोंड मग शोभेचं उरतं.

मळ्यातून रोज जाणाऱ्यांनी खरंतर स्पोर्ट फिल्टरऐवजी ट्रॅक्टरला असतो तसा हवेला फिरवून माती बाजूला टाकणारा प्री-क्लीनर विचारात घ्यावा. कंपनीचाच इनटेक असलेल्या टर्बो डिझेलला नुसता फिल्टर बदलून जाणवण्याइतकी ताकद मिळत नाही, कारण ताकद डिझेल आणि बूस्टवर ठरते आणि ते दोन्ही ईसीयूच्या हातात आहेत. स्वच्छ हवा मात्र इंजिनाचं आयुष्य सरळ वाढवते.

आठवी: दाबाची चाचणी

डोळ्याला न दिसणारी गळती यानेच सापडते. टर्बोच्या तोंडाला बूच लावून त्यातून नियंत्रित हवा भरायची, दहा ते पंधरा पीएसआयच्या पुढे नाही, आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे आले तिथे गळती. दाबाचं रेग्युलेटर नसेल, ब्रीदर नीट बंद करता येत नसेल, तर हे घरी करू नका. बूच सुटून तोंडावर येतं आणि क्रँककेसमध्ये दाब गेला तर सील फुटतात. गॅरेजमध्ये धुराचं मशीन असेल तर ते जास्त सुरक्षित.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

टर्बोच्या तोंडात टॉर्च मारल्यावर पात्यांच्या कडा खरवडलेल्या, गोल झालेल्या दिसल्या. शाफ्ट बोटाने आत-बाहेर हलतोय. आडवा अगदी किंचित खेळ चालतो, पण पातं घरट्याला टेकता कामा नये, आणि आत-बाहेरचा खेळ हाताला जाणवताच कामा नये. ही दुरुस्ती टर्बोच्या कारागिराची आहे. लाखाच्या वर आरपीएमने फिरणारी वस्तू बॅलन्सिंग मशीनशिवाय जुळत नाही.

निळसर धूर येतोय आणि ऑइल कमी होतंय. गाडी चालवू नका. टर्बोचं सील गेलं तर डिझेल इंजीन स्वतःचंच ऑइल जाळत आपोआप रेस घेऊ शकतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून, वरचा गियर टाकून क्लच सोडून ते बंद पाडायचं. ऑटोमॅटिकमध्ये गाडी थांबवून सगळ्यांनी दूर व्हायचं. बोनेट उघडून हाताने तोंड बंद करायला जाऊ नका.

पाण्यात गाडी बंद पडली. स्टार्टर मारू नका, एकदाही नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करून न्या.

बीएस-६ गाडीत डीपीएफचा दिवा लुकलुकतोय किंवा डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलंय. ऑइल बदलून आणि जबरदस्तीचं रिजनरेशन करून घ्यायला कंपनीच्या स्तराचा स्कॅनर लागतो.

वॉरंटीतल्या गाडीला यातलं काहीही करण्याआधी अटी वाचा आणि विमा कंपनीला बदल कळवा. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत चालत नाहीत, असा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये लावला आहे.

गॅरेजला जाताना मूळ बॉक्स, काढलेले मूळ होज, लिहून ठेवलेले कोड आणि पांढरं फडकं सोबत न्या. इनटेक कधी बसवला आणि त्रास त्याच दिवशी सुरू झाला की नंतर, फिल्टर शेवटचा कधी धुतला, ओढ गरम इंजिनाला जाते की थंडाला, एवढं आधीच सांगा. हे ऐकून न घेता थेट इंजेक्टरचा भाव सांगणाऱ्याकडे गाडी सोडू नका.